गाडीला ऑक्सिजन कशाला?

प्रश्न : माझी 2018 ची छोटी पेट्रोल गाडी आहे, एमएच-20 पासिंगची. दिवाळीपासून मीटरमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र पेटलंय. गाडी चालते, पण अ‍ॅव्हरेज पडलंय आणि पिशोरच्या खांडीत पहिल्यासारखी ओढत नाही. तालुक्याला गॅरेजमध्ये दाखवली, तर मिस्त्रींनी यंत्र लावलं आणि म्हणाले, ‘ऑक्सिजन सेन्सर गेला.’ गाडीला ऑक्सिजन कशाला? ती काय दवाखान्यात भरती आहे? ट्रॅक्टरचं निम्मं काम मी घरीच करतो. हा सेन्सर घरी बदलता येईल का? आणि जुन्याचं काय करू?
— एक शेतकरी वाचक, पिशोर, ता. कन्नड

उत्तर : बदलता येईल. ट्रॅक्टरला पाना लावणाऱ्या माणसाला हे अर्ध्या तासाचं काम आहे. सेन्सर गंजून बसला असेल, तर अर्ध्या दिवसाचं. पण नवा सेन्सर मागवायच्या आधी थोडं थांबा. तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली आहे आणि सगळं तिच्यावर अडलंय. ती कोणती, ते पुढे सांगतो.

आधी ऑक्सिजनचं. हा सेन्सर गाडीला ऑक्सिजन देत नाही. धुरात किती ऑक्सिजन उरला, ते बघतो. चुलीत पऱ्हाट्या जाळणारी बाई काय करते ते आठवा. धूर काळा आणि डोळ्यांत जाणारा निघाला, की ती एखादी पऱ्हाटी मागे ओढते किंवा फुंकणी उचलते. जाळ नुसताच भडकायला लागला, की आणखी दोन काड्या सरकवते. चुलीच्या आत काय चाललंय, ते तिला धुरावरून कळतं. गाडीचा कॉम्प्युटर हेच करतो, फक्त सेकंदाला एकदोनदा करतो आणि कधी थकत नाही. सेन्सर हे त्याचं नाक.

इतकं बारीक लक्ष कशाला, तर हिशेब तसा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. लिटरमध्ये मोजायचं तर एक लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा टँकर डोळ्यांपुढे आणा. बाटलीभर पेट्रोलमागे तुमचं इंजिन तेवढी हवा ओढतं. हे प्रमाण एका बाजूला ढळून राहिलं, की सायलेन्सरच्या पोटातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम बिघडतं. त्याला एकाच वेळी दोन उलट कामं करायची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल यांना ऑक्सिजन द्यायचा, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यायचा. दोन्ही एकदम जमतात ती जागा फार अरुंद आहे, त्या 14.7 च्या अगदी आसपास. म्हणून कॉम्प्युटर मिश्रण किंचित घट्ट, किंचित पातळ, पुन्हा घट्ट, असं सतत झुलवत ठेवतो.

आता ते नाक कसं काम करतं ते बघू. सेन्सरच्या जाळीदार लोखंडी टोपणात झिरकोनियाची, म्हणजे एका खास चिनीमातीची, पेनाच्या टोपणासारखी पोकळ नळी असते. तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या बाजूला धूर, आतल्या बाजूला मोकळी हवा. तीनशे-साडेतीनशे अंशांच्या वर तापली, की ही माती ऑक्सिजनचे आयन आरपार जाऊ देते, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका विजेचा दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झालं असेल, तर सुमारे 0.9 व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल तर 0.1 च्या आसपास. म्हणजे हा सेन्सर एक छोटासा सेलच आहे. बाहेरच्या हवेशी तुलना केल्याशिवाय त्याला काही सांगता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. पुढे वायर जोडताना याचं काम पडणार आहे.

यामागचं गणित वॉल्थर नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1889 मध्ये मांडलं. पुढे त्यानं एक विजेचा दिवा काढला. त्यात तार नव्हती, झिरकोनिया-इट्रियाची कांडी होती आणि ती तापली की लख्ख उजळायची. आपल्या सेन्सरातली माती ती हीच. नेर्न्स्टला 1920 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि मोटारींचा त्याला भारी नाद होता. आपलं समीकरण एक दिवस मोटारीच्या धुराड्यात जाऊन बसेल, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नसणार. ते घडलं 1976 मध्ये. बॉश कंपनीनं बनवलेला हा सेन्सर व्होल्वोनं अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांसाठी आपल्या गाड्यांत बसवला, आणि अभिमानानं पुढच्या जाळीवर ‘लॅम्ब्डा सोंड’ अशी पट्टीही लावली. लॅम्ब्डा ही हवा-पेट्रोलाच्या प्रमाणाची खूण, आणि जुने मिस्त्री अजून सेन्सरलाच लॅम्ब्डा म्हणतात.

आपल्याकडे तो इतका उशिरा का आला? तोवर आपल्या पंपांवर शिसं घातलेलं पेट्रोल मिळत होतं, आणि शिशानं कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही मरतात. 1995 च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आला आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल. देशभर शिसं बंद झालं ते फेब्रुवारी 2000 मध्ये. तुमची गाडी बीएस-4 मधली आहे. तिला एक सोडून दोन सेन्सर आहेत, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. बीएस-6 पासून तर साध्या मोटारसायकलींनाही हा सेन्सर आला.

आता राहिलेली गोष्ट. मिस्त्रींच्या यंत्रावर कोड कोणता आला होता? ‘सेन्सर गेला’ असं कुठलंही यंत्र म्हणत नाही. ते एक आकडा दाखवतं आणि पुढचं वाक्य माणूस जोडतो. तो आकडा कागदावर लिहून आणा. किंवा मोबाइलला ब्लूटूथनं जोडणारं छोटं स्कॅनर मागवा. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ त्याची सोळा पिनांची जागा असते. ट्रॅक्टर सांभाळणाऱ्याला ही वस्तू कधीही कामाची.

कोड पी 0135 असेल, तर पहिल्या सेन्सरच्या आतलं हीटर बिघडलंय. पी 0141 म्हणजे तेच, पण दुसऱ्या सेन्सरचं. (धूर सेन्सरला तापवेपर्यंत थांबायला नको म्हणून आत विजेचं छोटं हीटर असतं.) या दोन्हींत सेन्सर गेलेला असण्याची शक्यता बरीच, पण आधी फ्यूज बघा, मग वायर. वायर यासाठी, की मका घरात आला की उंदीरही येतात, आणि रात्री गरम बोनेटखाली त्यांना ऊब मिळते. कुरतडलेल्या वायरीपायी नवा सेन्सर विकत घेतलेले लोक मी पाहिलेत. मल्टिमीटर असेल तर सेन्सरचं सॉकेट सोडून हीटरच्या दोन वायरींमधला ओहम मोजा. एकाच रंगाच्या ज्या दोन वायरी असतात त्या बहुधा हीटरच्या, कुठे पांढऱ्या तर कुठे काळ्या. काही ओहमपासून पंधरा-वीसपर्यंत आकडा आला तर हीटर शाबूत आहे. काटा हललाच नाही, तर आतली तार तुटली. मग खुशाल नवा आणा.

पी 0171 आला असेल, म्हणजे ‘मिश्रण पातळ’, तर मात्र हात आवरा. तिथे सेन्सर खरं बोलत असण्याचीच शक्यता जास्त. एखादी रबरी नळी चिरली असेल, पेट्रोलचा दाब कमी असेल, किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडाला भोक पडून बाहेरची हवा आत ओढली जात असेल. पी 0420 आला तर कन्व्हर्टर थकल्याचा संशय धरा. त्याचं खापर दुसऱ्या सेन्सरवर फोडून तो बदलला, की महिनाभरात दिवा परत पेटतो.

मिसिंगची गंमत तर अशी आहे की चांगले चांगले फसतात. एखादा प्लग ठिणगी देत नसेल, तर त्या सिलिंडरचं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो. कोणीही म्हणेल, पेट्रोल जास्त जातंय. पण जळालंच नाही तर त्या सिलिंडरचा ऑक्सिजनही तसाच बाहेर आला. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, ऑक्सिजन कळतो. म्हणून तो ‘पातळ’ असं ओरडतो आणि कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो. अ‍ॅव्हरेज पडलं, खांडीत ओढत नाही, ही तुमची दोन्ही लक्षणं इथे बसतात. म्हणून सेन्सरच्या आधी सगळे प्लग काढून बघा. प्लग स्वस्त आहेत.

स्कॅनरवर चालू आकडेही दिसतात. इंजिन चांगलं तापल्यावर पहिल्या सेन्सरचा आकडा 0.1 आणि 0.9 च्या दरम्यान सारखा वरखाली नाचायला हवा. दुसऱ्याचा साधारण 0.6-0.7 वर शांत. पहिला एकाच जागी गोठला किंवा म्हाताऱ्यासारखा सावकाश हलू लागला, तर तो थकलाय. दुसरा पहिल्याच्या तालावर नाचायला लागला, तर कन्व्हर्टर गेला. (काही नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वेगळ्या जातीचा असतो आणि व्होल्टऐवजी लॅम्ब्डाचा आकडा देतो. तिथे हे लागू नाही.)

एवढं करूनही सेन्सरच दोषी ठरला, तर कामाला लागू.

सेन्सर तुमच्याच मॉडेलचा आणि योग्य जागेचा घ्या. पुढचा आणि मागचा पुष्कळदा दिसायला सारखे असतात, पण वायरीची लांबी आणि सॉकेट वेगळं. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं म्हणून वायर कापून जोडायचा सेन्सर मिळतो, तो शक्यतो नको. नाइलाजानं जोडावाच लागला, तर डाग देऊ नका. तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा बऱ्याच सेन्सरांत वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच आत जाते. शिशाचा डाग दिला, ग्रीस भरलं किंवा पाणी जाऊ नये म्हणून सॉकेट लांबीनं बंद केलं, की नाकच चोंदलं. दाबून बसवायचे जोड वापरा.

लागणाऱ्या वस्तू थोड्याच. 22 चा पाना, आणि जमलं तर एका बाजूनं उभी चीर असलेलं 22 चं सॉकेट, म्हणजे वायर चिरेतून बाहेर राहते. जुना सेन्सर टाकायचाच असेल तर त्याची वायर कापून साधा रिंगपाना घातला तरी भागतं. गंज सोडवायचं तेल, आणि जाड हातमोजे.

इंजिन दहा मिनिटं चालवून बंद करा आणि हात भाजणार नाही इतपत निवू द्या. थोड्या उबेत आटे लवकर सुटतात. गाडी मोकळ्या अंगणात चालवा, बंद शेडमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुढचा सेन्सर छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा बोनेट उघडल्यावर इंजिनाजवळच दिसतो, मागचा गाडीखाली. खाली शिरायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका, आणि विटा किंवा दगडही नकोत. वीट फुटताना आधी कल्पना देत नाही. लोखंडी स्टँड मिळाले तरच खाली जा, नाहीतर कार वॉशिंगचा रॅम्प तासभरासाठी मागून घ्या.

आधी सॉकेट सोडा, मग आट्यांवर तेल मारून चहा घ्या. पाना डावीकडे. हलत नसेल तर आधी जरासा उजवीकडे आवळा, मग डावीकडे, परत तेल, परत थोडं. एकदम झटका दिला तर आटे घेऊनच बाहेर येतो. नव्या सेन्सरच्या आट्यांवर राखाडी लेप बहुधा आलेलाच असतो. टोकाच्या जाळीला मात्र लेप, तेल, बोट, काही लागू देऊ नका. फरशीवर पडला तर वरून चांगला दिसला, तरी आतली माती तडकलेली असू शकते.

पहिले चार-पाच आटे हातानंच फिरवा. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा घाईत सेन्सर तिरका धरून सरळ पान्यानं आवळला. आटे गेले ते मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या पाइपाचे. मग एम-18 चा दीड पिचचा टॅप शोधत लेथवाल्यांच्या दारोदार दुपार गेली. शेवटी आवळायचा तो 40 ते 50 न्यूटन-मीटर. फूटभर पान्याच्या टोकाला पंधरा किलोची धान्याची पिशवी टांगली तर जेवढा जोर पडेल तेवढा. ट्रॅक्टरचा नट आवळायची सवय इथे आवरा. सॉकेट लावा, वायर गरम पाइपाला टेकत नाही हे बघा, स्कॅनरनं कोड पुसा आणि कन्नडपर्यंत जाऊन या.

लोक आणखी दोन गोष्टी करतात. एक म्हणजे जुना सेन्सर पेट्रोलात बुडवून ब्रशनं घासतात. काजळी जाते, पण थकलेलं प्लॅटिनम परत येत नाही. दुसरं म्हणजे दुसऱ्या सेन्सरखाली लांब बूच घालून त्याला धुरापासून दूर करतात, म्हणजे दिवा विझतो. दिवाच घालवायचा तर त्यावर चिकटपट्टी लावणं जास्त स्वस्त आणि निदान प्रामाणिक. पीयूसीला बीएस-4 पेट्रोल गाडीची आयडलिंगची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम आहे. कन्व्हर्टर मेलेला असेल तर तिथे बूच कामाला येत नाही.

अ‍ॅव्हरेजबद्दल एक राहिलं, आणि ते तुमच्या शिवारातलंच आहे. तुमच्या भागातला ऊस कारखान्यात जातो, मका बाजारात जातो, आणि दोन्हींपासून होणारं इथेनॉल पंपावर परत तुमच्याच टाकीत येतं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला किलोमागे नऊच किलो हवा पुरते, आणि मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा. हा फरक ओळखून इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवायला लावतो तो हाच सेन्सर. तो धड नसेल तर नव्या पेट्रोलवर गाडी पातळ चालते आणि चढाला दम तोडते. पण लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणजे हिशेबानं अ‍ॅव्हरेजमध्ये सहा-सात टक्के घट एकट्या इंधनानंच होऊ शकते. वीसची गाडी साडेअठरावर आली असेल तर सेन्सरला दोष देऊ नका. चौदावर आली असेल तर द्या.

आणि पावसाळ्यात अंजना नदीला पूर असताना फरशी पुलावरून गाडी घालू नका, हे एरवीही खरंच. त्यात सेन्सरचं कारण आणखी एक. सातआठशे अंश तापलेल्या मातीवर गार पाणी पडलं की ती तडकते. दिवा दिवाळीपासून पेटलाय म्हणता. त्याच्या आधीच्या पावसात गाडी पाण्यातून काढली होती का, ते आठवून बघा.

आता जुन्याचं काय करायचं. त्यात प्लॅटिनम असतं, पण एका सेन्सरात इतकं थोडं की भंगारवाला वजनावरच घेईल. किमती धातूंचा साठा असतो तो कन्व्हर्टरमध्ये. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम, तिन्ही. काही वर्षांपूर्वी पुणे-मुंबईकडे रात्रीतून ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जायला लागले, ते त्यासाठीच. उद्या कोणी ‘दिवा कायमचा घालवतो, मोकळा पाइप टाकून देतो’ म्हणाला, तर काढलेला कन्व्हर्टर कोणाकडे राहणार तेवढं विचारा.

सेन्सर मात्र भंगारात घालायच्या आधी, खरं तर नवा बसवायच्याही आधी, त्याचं टोक उजेडात धरा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात होतं, इंजेक्टर बघा. तेलकट, तपकिरी थर असेल तर इंजिन ऑइल खातंय. पांढरी वाळूसारखी भुकटी असेल तर सिलिकॉन. अलीकडे कोणी इंजिनावर पॅकिंगऐवजी ट्यूबमधला सिलिकॉन गोंद लावला होता का, विचारा. पांढरट-हिरवट पापुद्रा असेल तर रेडिएटरचं कूलंट आत जळतंय, हेड गॅस्केट बघून घ्या. टोक स्वच्छ करडं असेल तर सेन्सर वयानं गेला, नवा बसवून मोकळे व्हा. बाकी कुठलाही रंग निघाला तर नव्याचं खोकं अजून फोडू नका. सीलबंद असेल तरच दुकानदार परत घेतो.